गरीब मातीचा फुलोरा

सह्याद्रीतली पावसाळी रानफुले दरीत शोधायची नसतात, ती माथ्यावर असतात. हिमालयात उंच डोंगरांच्या मधल्या दऱ्या फुलतात, कारण त्यांच्यावरचे उतार बर्फाखाली किंवा नुसत्या दगडाचे असतात. महाराष्ट्रात चित्र उलटे आहे. इथे दरीत माती साठते, झाडे वाढतात आणि जमिनीवर ऊन पोचत नाही. माथ्यावरची सपाट पठारे मात्र उघडी राहतात. कातळावर बोटभर माती, तिच्यावर चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने रखरखीत ऊन, अशा ठिकाणी झाड टिकत नाही. जे टिकते ते वीतभर उंचीचे असते, घाईने वाढते आणि घाईनेच फुलते. साताऱ्याजवळचे कास पठार हे या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण असले, तरी एकमेव नाही. पाचगणीचे टेबललँड, चाळकेवाडीचा पवनचक्क्यांचा माळ, पन्हाळ्याजवळचे मसाई पठार, आंबोलीचे सडे ही सारी त्याच कुळातली.

पुण्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या कोथरूडमधून ही दुनिया फार लांब नाही. पुण्यात वर्षाला साधारण सत्तर सेंटिमीटर पाऊस पडतो. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने पिरंगुट, मुळशी करत पन्नासेक किलोमीटरवरच्या ताम्हिणी घाटात पोचले की तोच आकडा कित्येक पटींनी वाढलेला असतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. पूर्वेकडे सरकेपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. म्हणून एकाच दिवशी कोथरूडमध्ये भुरभुर आणि ताम्हिणीत झोड असते. कास पावसाच्या या उताराच्या ओल्या बाजूला आहे. साताऱ्यापासून पश्चिमेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर.

पठाराची गोष्ट खडकापासून सुरू होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. त्यानंतर उष्ण आणि दमट हवेत, लाखो वर्षांच्या पावसाने या कातळाच्या वरच्या थरातले विरघळणारे घटक धुऊन नेले. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. त्यांचा लालसर, सच्छिद्र, टोपीसारखा थर म्हणजे जांभा. कोकणात घरे ज्या चिऱ्यांची बांधतात तोच हा दगड. जांभ्याच्या जन्माची रीतच अशी की वनस्पतींना हवे ते बहुतेक सारे त्यातून आधीच वाहून गेलेले असते. नत्र कमी, स्फुरद कमी, चुना नावापुरता. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जमीन निकामी आहे, आणि फुलांचा एवढा पसारा इथे असण्याचे खरे कारण हेच निकामीपण आहे.

सुपीक जमिनीत चार-दोन धटिंगण वनस्पती बाकीच्यांना दाबून टाकतात. उंच वाढायचे, ऊन अडवायचे, मुळांनी पाणी ओढायचे, की शेजारी संपला. जांभ्यावर असे धटिंगण पोसलेच जात नाहीत, त्यामुळे शेकडो लहान जातींना आपापली जागा मिळते. ही जागा कधी वीतभर लांबीची असते. एका खळग्यात पाणी साचते, तिथे पाणवनस्पती येतात. खळग्याच्या काठावर चिखल असतो, तिथे वेगळ्या. दोन हातांवर उघडा कातळ, त्याच्या भेगेत तिसऱ्याच. थोडा उतार लागला की वाहत्या पाण्याची पातळ चादर असते आणि तिच्यात चौथ्या. कासच्या सुमारे दहा चौरस किलोमीटरच्या परिसरातून सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, त्या अशा लहान लहान घरांमुळे. त्यांतल्या अनेक पश्चिम घाटाबाहेर सापडत नाहीत. वायतुरा ही पाणवनस्पती तर सातारा परिसरातल्या मोजक्या पठारांवरच्या डबक्यांत वाढते. दोन फाट्यांच्या तुऱ्यामुळे ती ओळखू येते. तिचे शास्त्रीय वर्णन झाले १९८२ मध्ये, आणि जातीच्या नावात साताऱ्याचेच नाव आहे.

पठारावरचा हंगाम मोसमी पावसाच्या पहिल्या सरींपूर्वीच सुरू होतो. मे अखेरीस वळवाचे पाणी लागले की जमिनीखालचे कंद जागे होतात. दीपकाडीची पांढरी फुले आणि मुसळीच्या जातभाईंचे तुरे जूनच्या तोंडाशी दिसू लागतात, रानहळदीचा गुलाबी तुराही फार मागे राहत नाही. या मंडळींनी मागच्या वर्षीचे अन्न कंदात साठवून ठेवलेले असते, त्यामुळे पानांच्या कमाईची वाट न पाहता त्यांना फुलता येते. झाडीच्या कडेला सापकांदा उगवतो. त्याचे पांढरे आच्छादन नागाच्या फण्यासारखे वाकलेले असते. सापकांद्याचे लिंग त्याच्या कंदाच्या साठ्यावर ठरते. कंद लहान असला तर नरफूल, भरपूर पोसला तर मादीफूल. बी धरणे हे खर्चाचे काम, ते ज्याला परवडते त्याने करावे असा सरळ हिशेब.

जुलैत पाऊस इतका कोसळतो की पठारावर बघायला माणूस नसतो. याच काळात जमिनीवर वाढणाऱ्या आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलू लागतात. आषाढ आमरीची पांढरी फुले जमिनीलगत असतात. टूथब्रश आमरीची सगळी फुले दांड्याच्या एकाच बाजूला ओळीने लागतात, नाव त्यावरून पडले. आमरीचे बी धुळीच्या कणाएवढे बारीक असते आणि त्यात अन्नाचा साठा जवळपास नसतो. जमिनीतल्या विशिष्ट बुरशीशी गाठ पडली तरच ते रुजते. म्हणून पठारावरून उपटून नेलेली आमरी कुंडीत सहसा जगत नाही.

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत जो देखावा उभा राहतो, त्यासाठी गर्दी जमते. पाणथळ भागात गेंदाची पांढरी बोंडे हजारोंनी डोलू लागतात. लांबून एकेक बोंड फूल वाटते, पण जवळून पाहिले तर ते अतिशय बारीक फुलांचा गुच्छ असते. त्यांच्यामधून सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर पसरतो. मग तेरड्याचा गुलाबी. पुढे कवल्याची पिवळी फुले येतात, त्यांच्यावरच्या लाल ठिपक्यांमुळे पर्यटकांनी त्यांना मिकी माऊस म्हणायला सुरुवात केली आहे. सप्टेंबर उलटता उलटता सोनकी साऱ्या उतारांना पिवळे करून टाकते. सोनकी कासपुरती नाही. सिंहगडाच्या वाटेवरही ती त्याच सुमारास फुलते आणि पुणेकरांना कासच्या आधी तिथेच भेटते. पठाराचा रंग दर पंधरा-वीस दिवसांनी बदलतो तो असा. एकदाच जाऊन ‘कास पाहिले’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

सीतेची आसवे दिसायला नाजूक असली, तरी ही वनस्पती मांसाहारी आहे. मातीत नत्र नाही, मग तो किड्यांच्या शरीरातून घ्यायचा. चिखलातल्या तिच्या धाग्यांवर सूक्ष्म पिशव्या असतात. वनस्पती पिशवीतले पाणी बाहेर टाकत राहते, त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि पिशवीचे दार ताणलेल्या अवस्थेत बंद असते. दारावरच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडते आणि पाण्यासकट तो जीव खेचला जातो. हा प्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतो. वनस्पतिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींत त्याची गणना होते. जवळच दवबिंदू असतो, त्याची पद्धत संथ. पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब, त्यावर बसलेला किडा अडकतो आणि हळूहळू पचवला जातो. पठारावर मांसाहारी वनस्पती मोठ्या संख्येने दिसल्या की माती किती निकृष्ट आहे हे प्रयोगशाळेत न जाता कळते.

कारवीचे गणित वेगळेच आहे. सह्याद्रीच्या उतारांवर माजणारे हे झुडूप सात-आठ वर्षे नुसते वाढते, मग एका पावसाळ्यात त्या भागातली सगळी कारवी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली आणि त्यानंतर २०२४ मध्ये. दक्षिणेकडची नीलकुरिंजी ही तिची नातलग यासाठी बारा वर्षे घेते. कासवर हिच्याच कुळातली टोपली कारवी आहे. उलट्या ठेवलेल्या टोपलीसारखी गोल झुडपे, म्हणून हे नाव. एकाच वर्षी इतके बी पडते की पक्षी-किड्यांनी पोटभर खाऊनही पुष्कळ उरते, असे या सामुदायिक फुलण्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

या वनस्पतींच्या अभ्यासात पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जी सूची लिहिली, ती १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाली आणि आजही अभ्यासक तिच्यापासूनच सुरुवात करतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. कोथरूडच्या शेजारी, टेकडीच्या पायथ्याला, आघारकर संशोधन संस्था आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, तिचेच हे पुढचे रूप.

कोथरूडच्या पाठीशी असलेल्या म्हातोबा आणि वेताळ टेकड्या अशा उघड्या माथ्यांच्या साखळीतल्या सर्वांत कोरड्या कड्या म्हणता येतील. वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटर उंच आहे. इथे जांभा नाही, काळा कातळ आणि मुरूम आहे. मूळ स्वरूप गवताळ माळाचे, मोज्यांत घुसणाऱ्या कुसळीचे, मधूनमधून सालईसारख्या झाडांचे. पावसाळ्यात या माळावर मुसळी आणि आभाळी यांच्यासारखी लहान फुले येतात. कासच्या मानाने फार थोडी, पण घराजवळची. या टेकड्यांवर पूर्वी वनखात्याने गिरिपुष्पाची लागवड मोठ्या प्रमाणावर केली. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेचे. ते भराभर वाढते, मुळांवाटे जमिनीत नत्र भरते, दाट सावली धरते. उघडी टेकडी हिरवी करायची एवढाच हेतू असेल तर याहून सोयीचे झाड नाही. पण गरीब मातीवर जगणाऱ्या लहान फुलांना नेमके हेच दोन बदल, सावली आणि खत, सोसत नाहीत. गिरिपुष्पाच्या राईखाली पावसाळ्यात जमीन जवळजवळ ओकी दिसते. माळ म्हणजे झाडे नसलेले, म्हणून बिघडलेले जंगल, ही समजूत सरकारी कागदांत आणि सोसायट्यांच्या वृक्षारोपण कार्यक्रमांत सारखीच पक्की आहे. बालभारती ते पौड फाटा या प्रस्तावित रस्त्याला नागरिकांनी विरोध केला तेव्हा टेकडीवरच्या झाडांबद्दल पुष्कळ बोलले गेले, गवताबद्दल फार कमी.

कासच्या बाबतीत असाच गैरसमज कुंपणाच्या रूपाने आला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत घेतली. महाराष्ट्राच्या वाट्याला चार आली: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. आधीच वाढत असलेली गर्दी त्यानंतर उसळली. सुट्टीच्या दिवशी घाटरस्त्यावर वाहनांच्या रांगा, फुलांवर लोळून काढलेले फोटो, पायदळी गेलेले गालिचे. वनविभागाने पठाराला जाळीचे कुंपण घातले. माणसे अडली, हे चांगले झाले, पण आसपासच्या गावांची गुरेही अडली. गुरे पिढ्यान्‌पिढ्या इथे चरत आली होती. ती उंच गवत खातात, त्यामुळे बुटक्या फुलांना ऊन मिळते. त्यांच्या खुरांनी जमीन उकरली जाते, त्यात बी दबते. चराई थांबल्यावर गवत माजले आणि काही भागांत फुले विरळ झाली, अशी तक्रार स्थानिकांनी केली आणि अभ्यासकांनीही याकडे लक्ष वेधले. पुढे ते कुंपण हटवण्यात आले.

हिमालयातल्या फुलांच्या दरीत हाच वाद आधी होऊन गेला आहे. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातली ही दरी १९३१ मध्ये कामेत शिखर सर करून परतणाऱ्या फ्रँक स्माइथ आणि त्याच्या साथीदारांना वाटेत लागली. १९३७ मध्ये तो पुन्हा तिथे राहायला गेला आणि त्याच्या पुस्तकाने दरीला जगभर नाव मिळवून दिले. मेंढपाळ मात्र तिथे पूर्वीपासून कळप घेऊन येत होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली. त्यानंतर ‘अमेला’ नावाची माणसाच्या उंचीची एक वनस्पती दरीत पसरू लागली आणि तिच्या सावलीत लहान फुलझाडे मागे पडली. आज वनखाते मजूर लावून ती उपटून काढते. ती पसरण्याला चराईबंदीच कारण झाली का, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अती चराईनेही दऱ्या उजाड होतात, हेही खरे. पण ‘माणूस आणि गुरे बाहेर काढली की निसर्ग आपोआप जपला जातो’ हे सूत्र दोन्ही ठिकाणी पुरे पडले नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

कासची व्यवस्था आता भोवतालच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीकडे आहे. फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क असते, नोंदणी ऑनलाइन करता येते आणि दिवसाला सुमारे तीन हजार लोकांनाच सोडण्याचे धोरण आहे. गाड्या पठारापासून दूर उभ्या कराव्या लागतात. शुल्कातून गावातल्या तरुणांना रखवालीचा आणि वाटाड्याचा रोजगार मिळतो. त्यामुळे फूल तोडणाऱ्याला हटकणारा माणूस तिथे असतो, आणि हे काम जाळीपेक्षा तो चांगले करतो.

पठारावर चालण्याची रीत डोंगर चढण्याहून वेगळी आहे. दम लागत नाही, पण पाय कुठे ठेवायचा हे दर पावलाला ठरवावे लागते. उघडा कातळ आणि रुळलेली पायवाट एवढीच पाऊल टाकायची जागा. ओल्या जांभ्यावर काळपट शेवाळ असेल तर तो बर्फासारखा निसरडा होतो, तिथे वळसा घालावा, पण तो वळसा मऊ हिरव्या पट्ट्यातून नको. एका बुटाखाली सीतेच्या आसवांची पन्नास रोपे सहज जातात आणि बोटभर माती एकदा दबली की तिच्यात पाणी मुरत नाही. कासवरून कुमुदिनी तलावाकडे जाणारी जुनी वाट राजमार्ग म्हणून ओळखली जाते. पठार शांतपणे पाहायचे असेल तर ती सर्वांत चांगली. तलावात कुमुदिनीची झालरदार पांढरी फुले असतात. पाण्यात उतरून ती काढायचा मोह तेवढा टाळावा.

धुके हा पठारावरचा खरा धोका आहे. सपाट जागेवर खुणेचे झाड नसते, दोन मिनिटांत दहा पावलांपलीकडचे दिसेनासे होते आणि पठाराला कडे असतात. धुके आले की चालणे थांबवावे, ते बहुधा विरळ होते. छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही, रेनकोटच हवा. जमिनीलगतची फुले पाहायला दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. गेंदाचे बोंड किंवा दवबिंदूचे पान भिंगाखाली धरल्यावरच ते काय आहे ते कळते. मात्र बोंड भिंगाखाली आणायचे नाही, भिंग बोंडापाशी न्यायचे. काही फुले ऊन आल्यावरच उघडतात. त्यामुळे भल्या पहाटे पोचण्याची पुणेकरांची हौस इथे कामाची नाही.

कोथरूडहून कासचे अंतर जाऊन-येऊन एका दिवसाचे आहे. शनिवार-रविवार आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा टाळून, मधल्या वारी, नोंदणी करूनच निघावे. नोंदणी मिळाली नाही तर आडवाटेच्या एखाद्या अनोळखी पठारावर गाड्यांचा ताफा घेऊन जाऊ नये, कारण तिथे रखवाली करणारी समिती नसते आणि कासवर जे दहा वर्षांत बिघडले ते अशा ठिकाणी एका हंगामात बिघडू शकते.